मानेनं तारलं, पोटानं मारलं

अमेरिकेच्या भूदलात १९ वर्षांचा एक जवान आहे असं समजा. उंची पाच फूट दहा इंच, बेंबीवरून टेप फिरवली तर पोट ३७ इंच आणि गळ्याचा घेर १६ इंच. २०२३ पर्यंत चालत आलेल्या हिशेबाने त्याच्या अंगात २१ टक्के चरबी निघायची. त्याच्या वयाला मुभा २० टक्क्यांची. गडी नापास. आता रांगेत त्याच्या मागे उभा असलेला जवान घ्या. वय तेच, उंची तीच, पोटही तेच ३७ इंच. फक्त गळा १७ इंच. याची चरबी १९ टक्के. पास! दोघं एकाच मेसमध्ये जेवतात, एकाच मैदानावर पळतात. पण एकाला वाडवडिलांकडून मान मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाही, त्याला सरकार तरी काय करणार?

या मानापमानाचं गणित १९८४ साली सॅन दिएगोमधल्या नौदलाच्या आरोग्य संशोधन केंद्रात जेम्स हॉजडन आणि मार्सी बेकेट या दोघांनी बसवलं. त्याआधी जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी आपलं सैन्य कितपत धडधाकट आहे याची चौकशी केली होती, आणि १९८१ मध्ये संरक्षण खात्याने ठरवलं की नुसत्या वजनावर जायचं नाही, चरबी मोजायची. ठरवणं सोपं होतं. चरबी नीट मोजायची त्या काळची खात्रीची पद्धत म्हणजे माणसाला पाण्याच्या टाकीत पुरता बुडवायचा, फुप्फुसातली हवा सोडायला लावायची आणि पाण्याखाली त्याचं वजन करायचं. लाखो जवानांना दर सहा महिन्यांनी बुडवून वर काढायचं तर युद्धाला वेळ उरला नसता. म्हणून शेकडो खलाशांना एकदाच बुडवलं, त्यांना टेपनेही मोजलं आणि दोन्हींचा मेळ घालून सूत्र काढलं. पोटाच्या घेरातून मानेचा घेर वजा करायचा, उरलेल्याचा लॉगॅरिदम घ्यायचा, त्यातून उंचीचा लॉगॅरिदम काही पटीने वजा करायचा. बायकांसाठी कंबर आणि नितंब यांची बेरीज करून त्यातून मान वजा. शाळेत लॉगच्या तक्त्याला घाबरून जी पोरं सैन्यात पळाली, त्यांच्या नेमकं पोटातच लॉगॅरिदम शिरला.

सगळ्यांनाच या दिव्यातून जावं लागत नसे, हे सांगायला हवं. आधी उंची आणि वजनाचा तक्ता असायचा. तक्त्यात बसलात तर सुटलात. वजन जास्त भरलं तरच टेप बाहेर यायची.

ती बाहेर आली की पुढचा कार्यक्रम असा असायचा. जवान हाफ पँट आणि टी-शर्टवर, अनवाणी, हात बाजूला सोडून सरळ उभा. एक जण टेप धरतो, दुसरा टेप आडवी आहे की तिरकी झाली ते बघतो आणि आकडा लिहितो. मान कंठमण्याच्या खाली मोजायची, पोट बेंबीच्या रेषेत, तेही श्वास सहज सोडून झाल्यावर. हे सगळं तीनदा. आता इथे खरी मौज आहे. जवान पोट आत ओढतो. मोजणारा टेप लावून नुसता उभा राहतो. त्याला घाई नसते. श्वास कोंडून माणूस किती वेळ तग धरणार? शेवटी हवा सुटते, तिच्याबरोबर पोटही सुटतं आणि तेवढ्यात आकडा लिहिला जातो. मानेच्या वेळी उलटा खेळ. पोट चोरणारा हाच माणूस आता जबडा आवळून गळ्याच्या शिरा ताणून उभा असतो, आणि मोजणारा त्याला पुन्हा पुन्हा सांगतो की बाबा, ढिला पड. अर्थात नियम अगदीच निर्दय नव्हते. मानेचा आकडा वरच्या अर्ध्या इंचाला न्यायचा आणि पोटाचा खालच्या अर्ध्या इंचाला आणायचा, अशी सोय नियमावलीतच लिहिलेली होती. हे कलम लिहिणारा अधिकारी तक्त्यात बसत नसावा.

मान एक इंच वाढली की चरबी जवळपास दोन टक्के उतरते, हे एकदा कळल्यावर जवान काय करणार हे सांगायला ज्योतिषी नको. पोट कमी करायला महिने लागतात. मान मोठी करणं त्यामानाने सोपं. त्यामुळे छावण्यांच्या व्यायामशाळांमध्ये मानेच्या व्यायामाला अचानक भक्त मिळाले. डोक्याला पट्टा बांधून त्याला वजन लटकवायचं आणि मान वरखाली करायची. शिवाय आदल्या रात्रीचे उपाय होतेच. जेवण बंद, पाणी बंद, जुलाबाची गोळी, बाष्पस्नान. सगळ्यांत गाजलेला उपाय म्हणजे मूळव्याधीचं मलम. ते पोटाला चोपडायचं आणि वरून स्वयंपाकघरातलं पातळ प्लॅस्टिक घट्ट गुंडाळून झोपायचं. मलम जी सूज उतरवायला बनवलं ती वेगळ्याच ठिकाणची, हा तपशील कोणी मनावर घेतला नाही. जगातलं सगळ्यांत महागडं सैन्य, आणि त्यातला एक जवान अंधारात पोटाला मलम लावून प्लॅस्टिकमध्ये घाम गाळत पडलेला. देशासाठी माणूस काय काय सोसतो!

नापास झालं तर शिक्षा म्हणजे तुरुंग नव्हे. नावापुढे खूण पडते. मग बढती नाही, नवं प्रशिक्षण नाही आणि दर महिन्याला तीन ते आठ पौंड किंवा एक टक्का चरबी उतरवून दाखवायची. ते जमलं नाही तर शेवटी घरचा रस्ता.

वजनाचा तक्ता फसवा असतो हे अमेरिकी नौदलाला फार आधीपासून माहीत होतं, हा यातला आणखी गमतीचा भाग. अल्बर्ट बेन्के नावाचे नौदलाचे डॉक्टर होते. पाणबुड्यांतल्या खलाशांचे आणि खोल पाण्यात उतरणाऱ्या गोताखोरांचे आजार हा त्यांचा विषय, त्यामुळे माणसाला पाण्यात घालणं ही त्यांच्या हातची गोष्ट. १९४२ मध्ये त्यांनी व्यावसायिक फुटबॉल खेळणारे २५ पहिलवान गडी पाण्याखाली तोलले. त्यातले १७ जण लष्कराच्या तक्त्याप्रमाणे जाडे, म्हणून भरतीला नालायक. आणि पाण्याने काय सांगितलं? यांच्या अंगात चरबी जवळजवळ नाहीच, सगळं स्नायूंचं वजन. शत्रूच्या अंगावर सोडायला याहून चांगली माणसं मिळाली नसती, आणि तक्ता त्यांना दारातूनच परत पाठवत होता.

तसं पाहिलं तर सैनिकाचं शरीर आणि गणित यांचं लग्न अडॉल्फ केटले या बेल्जियन गृहस्थाने लावलं. ते मूळचे खगोलशास्त्रज्ञ. ग्रहताऱ्यांवरून त्यांची नजर माणसांवर उतरली आणि माणसांना ती फारशी मानवली नाही. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं हे सूत्र त्यांचंच. आज दवाखान्यात ज्याला बीएमआय म्हणतात ते हेच. त्याला हे नाव मात्र अमेरिकेतल्या अन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिलं. केटले यांनी पाच हजारांवर स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं तपासली आणि दाखवलं की बहुतेक छात्या ४० इंचांच्या आसपास गोळा होतात, फार लहान आणि फार मोठ्या मोजक्याच. मग त्यांनी फ्रान्समध्ये सक्तीच्या भरतीसाठी मोजलेल्या एक लाख तरुणांच्या उंचीचे आकडे घेतले. तिथे वक्ररेषा नीट जुळेना. किमान उंचीच्या जरासं खाली, जिथून माणूस सैन्यातून सुटतो तिथे, माणसांची भलतीच गर्दी. आणि जरासं वर तेवढीच पोकळी. केटले यांनी हिशेब केला की सुमारे दोन हजार तरुण उंची चोरून घरी गेले आहेत. कोणी गुडघे वाकवले असतील, कोणी मोजणाऱ्याचा हात ओला केला असेल. वर्दी हवी असली की माणूस मान ताणतो, नको असली की गुडघ्यात वाकतो. ही सोय फ्रेंच, अमेरिकी किंवा आणखी कुणाची खास मालकीची नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत वजनाचं रडगाणं अगदी उलट होतं. जेम्स स्टुअर्ट हा हॉलिवूडचा त्या काळचा आघाडीचा नट. अंगाने शिडशिडीत, उंची सहा फूट तीन इंच. १९४० मध्ये त्याला बोलावणं आलं आणि वजन कमी भरलं म्हणून परतही पाठवलं. पाच पौंड कमी! ज्याच्या एका चित्रपटामागे लाखो डॉलर लागलेले, तो माणूस स्टुडिओच्या व्यायामशिक्षकाकडे अंगावर मांस चढवायला जाऊ लागला. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं आणि मार्चमध्ये तो सैन्यात शिरला. पुढे त्याने जर्मनीवर बॉम्बफेकी विमानांच्या मोहिमा केल्या आणि राखीव दलात ब्रिगेडियर जनरलच्या हुद्द्यापर्यंत गेला. हे पाच पौंड फार महाग पडले असते.

ऑडी मर्फीचं त्याहून भारी. टेक्सासचा गरीब शेतमजुराचा पोर, उंची पाच फूट पाच इंच, वजन ११२ पौंड, म्हणजे जेमतेम ५१ किलो. मरीनवाल्यांनी त्याला हा काय लढणार म्हणून हाकलला, छत्रीधारी सैनिकांनीही घेतला नाही. शेवटी १९४२ मध्ये पायदळाने घेतला. जानेवारी १९४५ मध्ये फ्रान्समधल्या होल्त्सव्हीर गावाजवळ जळत्या रणगाडाभेदी गाडीवर चढून, तिच्यावरची मशीनगन चालवत, पाय जखमी असताना या ५१ किलोंनी जर्मन तुकडीला तासभर रोखून धरलं. अमेरिकेतलं सर्वोच्च शौर्यपदक त्याला मिळालं, आणि त्या युद्धातल्या सर्वाधिक पदकं मिळवणाऱ्या सैनिकांत त्याची गणना झाली. तक्त्यात शौर्याचा रकाना नसतो, तर बिचारा तक्ता काय करील?

अशी खूप पोरं उपासमारीने खुरटलेली निघाली, तेव्हा सरकारचं लक्ष शाळेच्या डब्याकडे गेलं. १९४६ मध्ये अमेरिकेने शालेय भोजनाचा कायदा केला आणि त्यात राष्ट्रीय सुरक्षेचा उपाय म्हणून मुलांना जेवू घालतो आहोत, असं स्पष्ट म्हटलं. मुलं जेवली. चांगलीच जेवली. २०१० मध्ये निवृत्त जनरल आणि ॲडमिरल यांच्या एका संघटनेने अहवाल काढला आणि त्याचं नावच ठेवलं ‘लढायला फार लठ्ठ’. त्यांची मागणी होती, शाळेतलं जेवण सुधारा, राष्ट्रीय सुरक्षेसाठी! एकाच शाळेच्या एकाच ताटाकडे सेनापतींनी दोनदा वळून पाहिलं. पहिल्यांदा म्हणाले वाढा, दुसऱ्यांदा म्हणाले आवरा.

मापं गरजेप्रमाणे ताणतात आणि आवळतात हे ब्रिटिशांनी १९१४ मध्ये तीन महिन्यांत करून दाखवलं. ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं तेव्हा किमान उंची पाच फूट तीन इंच होती. भरतीला झुंबड उडाली, कार्यालयांना आवरेना, तेव्हा सप्टेंबरमध्ये ती एकदम पाच फूट सहा इंचांवर नेली. मग रांगा ओसरल्या आणि खंदकांतून यादी मोठी यायला लागली, तेव्हा नोव्हेंबरपर्यंत ती गुपचूप पुन्हा पाच फूट तीन इंचांवर आली. तेवढ्यानेही भागेना. बर्कनहेडचे खासदार आल्फ्रेड बिगलंड यांच्या पुढाकाराने पाच फूट तीन इंचांहूनही बुटक्या माणसांच्या वेगळ्या पलटणी उभ्या राहिल्या. लढाऊ कोंबड्याच्या एका लहान जातीचं नाव त्यांना दिलं गेलं. हे लोक बुटके असले तरी बरेचसे कोळशाच्या खाणीतले, दंडाने घट्ट. सप्टेंबरमध्ये जे सैन्याच्या लायकीचे नव्हते ते हिवाळ्यापर्यंत लायक झाले, आणि त्या काळात त्यांची उंची अर्ध्या सुतानेही वाढली नव्हती.

महाराष्ट्रात टेप अजून बेंबीपर्यंत उतरलेली नाही. ती छातीवरच थांबते. सैन्यभरतीत छाती ७७ सेंटिमीटर हवी आणि श्वास भरल्यावर आणखी पाच सेंटिमीटर फुगली पाहिजे. पोलीस भरतीत ७९ आणि फुगवून ८४. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या कुठल्याही रस्त्याने पहाटे साडेपाचला जा, कडेने पोरं धावताना दिसतात. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढले की सैन्यभरतीत ६० गुण, बीमवर दहा वेळा हनुवटी नेली की ४०. पोरांच्या बोलण्यात तीनच शब्द: ग्राउंड, मेडिकल, लेखी. घरात मात्र एकच काळजी, पोरगं वाळत चाललंय. मग मोड आलेले हरभरे, भिजवलेले शेंगदाणे, अंडी, म्हशीचं दूध आणि डझनाने केळी. उंचीच्या मानाने वजन कमी भरेल या भीतीने भरतीच्या सकाळी पोटभर केळी आणि वर लिटरभर पाणी, असा सल्ला देणारे अनुभवी दादा प्रत्येक अकादमीत असतात. अमेरिकेतला जवान आदल्या दिवशी पाणी सोडतो आणि इथला उमेदवार पाणी ढोसून, हालताना डचमळेल इतकं पोटात साठवून, काट्यावर उभा राहतो. भूगोल म्हणतात तो हाच.

आपल्याकडे पोट येतं ते नोकरी लागल्यावर. त्यासाठीसुद्धा सरकारने तोडगा काढला: तिशी ओलांडलेल्या पोलिसाने बीएमआय आटोक्यात ठेवला तर दरमहा २५० रुपयांचा तंदुरुस्ती भत्ता. रोजचे साधारण आठ रुपये. आठ रुपयांत अर्धा वडापावसुद्धा सुटत नाही, मग बारा-बारा तासांचा बंदोबस्त आणि मिळेल तेव्हा मिळेल ते जेवण यांनी वाढवलेलं पोट कुठून सुटणार? भत्त्याची कल्पना वाईट नाही, रक्कम मात्र विनोदी आहे.

अमेरिकेत २०२२ मध्ये पैशापेक्षा माणसांची टंचाई पडली. भूदलाला ६०,००० नवे जवान हवे होते. सुमारे १५,००० कमी पडले. त्याआधीच संरक्षण खात्याच्या पाहणीत दिसलं होतं की १७ ते २४ वयाच्या तरुणांपैकी ७७ टक्के सवलत मागितल्याशिवाय भरतीला पात्रच नाहीत, आणि कारणांत लठ्ठपणा आघाडीवर. अशा वेळी टेप घट्ट धरून बसणं परवडत नाही. त्या ऑगस्टमध्ये साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सनला प्रशिक्षणपूर्व वर्ग सुरू झाला. ज्यांची चरबी थोडी जास्त आहे किंवा ज्यांना लेखी परीक्षेत गुण कमी पडतात, त्यांना तिथे न्यायचं, ९० दिवसांपर्यंत ठेवायचं, आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली जेवू घालायचं, पळवायचं आणि टेप लावत राहायचं. पगार चालू. सांगली-कोल्हापूरकडची पोरं जे काम अकादमीची फी भरून करतात, ते अमेरिकेत सरकार पगार देऊन करून घेतं. वर्ग इतका फळला की २०२४ मध्ये भूदलाने ५५,००० चं लक्ष्य गाठलं आणि त्यातला मोठा हिस्सा याच वाटेने आला. मात्र २०२५ मध्ये संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी कागद तपासले तेव्हा वर्गाने स्वतःच घालून घेतलेल्या मर्यादेपेक्षा जास्त चरबीवालेही आत घेतलेले सापडले. लक्ष्य समोर असलं की टेप पुन्हा जरा लांबते.

याच धामधुमीत मान सेवानिवृत्त झाली. २०२३ मध्ये भूदलाने जुनं सूत्र बाजूला सारलं. त्याजागी पुरुष-बाई दोघांसाठी बेंबीवरचा एकच घेर आणि वजन आलं. त्यावर कोणाचा आक्षेप असेल तर त्याने यंत्राने मोजून घ्यावं. हवाई दलाने आणखी सोपं केलं: कंबरेला उंचीने भागा, उत्तर ०.५५ च्या खाली ठेवा. शिवाय भूदलाने एक पळवाटही दिली, आणि ती सगळ्यांत शहाणपणाची म्हणावी लागेल. तेव्हाच्या शारीरिक चाचणीत ६०० पैकी ५४० गुण मिळवले तर टेप नव्हतीच. जो वजन उचलतो, धावतो, ओझं ओढून नेतो, त्याच्या पोटाशी आपल्याला काय करायचंय? बेन्के यांनी १९४२ मध्ये पाण्यात बुडवून जे दाखवलं ते पटायला ८१ वर्षं गेली, पण पटलं. वर्षानुवर्षं डोक्याला पट्टा बांधून मान कमावलेल्या जवानांची मात्र पुरती फसगत झाली. त्या मानेचा उपयोग आता फक्त शर्टाची कॉलर महाग करायला.

टेपचा ताजा प्रयोग ३० सप्टेंबर २०२५ ला व्हर्जिनियातल्या क्वांटिकोत झाला. संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी जगभरातून शेकडो जनरल आणि ॲडमिरल बोलावून एका सभागृहात बसवले आणि पेंटागॉनच्या व्हरांड्यांतून फिरणारे लठ्ठ जनरल आपल्याला खपणार नाहीत, असं त्यांच्या तोंडावर सांगितलं. यापुढे शिपाई असो की चार तारेवाला, उंची आणि वजन वर्षातून दोनदा सगळ्यांचं मोजायचं. आजवर टेपची धास्ती मुख्यतः शिपायांना असायची आणि ती फिरवण्याचा हुकूम वरून यायचा. आता हुकूम देणाऱ्यांनाही शर्ट वर करावा लागणार. सभागृहात टाळ्या फारशा वाजल्या नाहीत. पदकांनी भरलेली माणसं ताठ बसून ऐकत होती, आणि त्यातल्या कितींनी त्या क्षणी पोट आत ओढलं हे खुर्च्यांच्या रांगांमुळे कॅमेऱ्यात आलं नाही.